बाटलीतला माणिक

रक्त द्यायला जाताना रत्नप्रभाबाईंनी ट्रंकेतली काठापदराची साडी काढली. नवरा गेल्यापासून ती डांबरगोळ्यांच्या वासात पडून होती. कपाळाला अंगारा लावला, देवापुढे नारळ ठेवला आणि पंतनगरच्या हाऊसिंग बोर्डाच्या बिल्डिंगीचा जिना उतरताना प्रत्येक उघड्या दारापाशी थांबून सांगत सांगत खाली आल्या, “नातवाक रगत देवक चललंय गो. माझाच चलता म्हणे.”

असं कुणीही म्हटलेलं नव्हतं. माणिकला कडेवर घेऊन मागून उतरणाऱ्या नलिनीला ते पक्कं ठाऊक होतं. पण तिनं तोंड उघडलं नाही. ह्या जिन्यात ती गेली कित्येक वर्षं मान खाली घालून चढली-उतरली होती. आज सासूच्या मागून चालायला तिला फार बरं वाटत होतं. बोकडाला हार घालून नेताना मागून चालणाऱ्याला वाटत असेल तसं.

रत्नप्रभाबाई सासू झाल्या त्याच्या कितीतरी आधीपासून नलिनीच्या सख्ख्या आत्या होत्या. मालवणकडच्या लोकांत भावाची मुलगी सून करून आणायची, ह्यात नवल काही नाही. मुलगी घरचीच, मानपानाचा घोळ नाही, आणि सून उलट बोललीच तर तिच्या बापाच्या लहानपणीच्या खोड्या काढून तिला गप्प करायची सोय. अडचण एकच होती. भाऊ आपला, पण वहिनी घाटावरची. नलिनीच्या वडिलांनी गिरणीत असताना साताऱ्याकडच्या एका जॉबरच्या म्हणजे मुकादमाच्या मुलीशी, शेवंतीशी, घरात न विचारता लग्न केलं होतं. आत्यानं ते कधी गिळलं नाही. नलिनीच्या लग्नात ती ज्याला त्याला सांगत होती, “भावाचा रगत परत घरात हाडलंय,” जणू बसमध्ये विसरलेली छत्री सापडली होती. लग्नाआधी नलिनी तिला ‘आत्या तू’ म्हणायची, अक्षता पडल्यावर ‘आत्या तुम्ही’ झालं. एवढाच काय तो फरक, असं तेव्हा वाटलं होतं.

माणिक जन्मला तेव्हा गुटगुटीत होता. वर्षभरात डोकं वाढायला लागलं, नाकाचं हाड बसलं, पोट पुढे आलं. मग बोटं आत वळली ती उघडेनात. श्वास घेताना घरघर अशी, की शेजारची बाई म्हणाली, “तुमच्या स्टोव्हला पिन मारा हो.” दवाखाने झाले, हॉस्पिटलं झाली, आणि एके दिवशी ‘आनुवंशिक’ हा शब्द नलिनीच्या नवऱ्यानं, सहदेवनं, घरी आणला. विक्रोळीच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. वस्तू आणून जाग्यावर ठेवली की आपलं काम संपलं, अशी त्याची वृत्ती. शब्द ठेवला आणि आंघोळीला गेला.

आत्याला तेवढं पुरलं. “म्हणजे घराण्यातला. मगे विचारूक कित्याक व्हया? ह्या सगळा तुझ्या आवशीकडचा. आमच्याकडे म्हातारे मरूक टेकले तरी माडार चढत.”

माणिकच्या तिसऱ्या वाढदिवसाला शेवंती वाकोल्याहून आली, रव्याच्या लाडवांचा डबा आणि स्वतः विणलेला स्वेटर घेऊन. आत्या दारात उभी राहिली. “थंयच रव. पोरार तुझी सावली नको.” मजल्यावरची सगळी दारं उघडी होती, वाढदिवसाचा केक मिळायचा होता ना. नलिनी आत मोरीत माणिकला आंघोळ घालत होती. ती ओल्या हातानं बाहेर आली तेव्हा जिन्यावर डबा होता, डब्यावर स्वेटर होता, आई नव्हती. लाडू आत्यानं कावळ्यांना घातले. नलिनीनं सहदेवकडे बघितलं. तो म्हणाला, “जाऊ दे ना यार. आईचा स्वभाव आहे.”

त्या दिवसापासून शेवंतीनं त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. माणिकला वाकोल्याला न्यायलाही बंदी झाली. आणि नलिनीला एकच गोष्ट हवी झाली: आपल्या आईनं ह्याच दारातून, ह्याच सगळ्यांच्या देखत आत यावं आणि माणिकला मांडीवर घ्यावं. माणिक आहे तोवर. तो किती दिवस आहे, हे कुणी सांगत नव्हतं. पण जे सांगत नव्हते त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

अंधेरीला महाकालीच्या रस्त्यावर एक संशोधन संस्था होती. तिथल्या डॉ. नीला गुप्ते ह्या आजारावर काम करत. नलिनीच्याच वयाच्या, केस बारीक कापलेले, समोरचा मूर्ख नाही असं धरून बोलणाऱ्या. पहिल्या भेटीत त्यांनी सांगितलं, “प्रत्येक पेशीत कचरा झाडणारे कामगार असतात असं समजा. त्यांना आम्ही एन्झाईम म्हणतो. माणिकच्या पेशींत त्यातला एक नाहीये. म्हणून कचरा साठत जातो. लिव्हरमध्ये, सांध्यात, डोळ्यांत, मेंदूत.”

“संपावर गेलाय?” नलिनीनं विचारलं. पंतनगरात तेव्हा संपाशिवाय दुसरी उपमा नव्हती.

“संपावरचा निदान परत येईल अशी आशा असते. हा कधी नेमलेलाच नाही.”

मग त्यांनी माणिकच्या दंडाची चिमूटभर कातडी काढली. पुढच्या खेपेला नलिनीला एक चपटी बाटली दाखवली. तळाशी गुलाबी पाणी. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर त्यात लांबट, टोकदार काहीतरी माशांच्या थव्यासारखं पसरलेलं. “हा माणिक,” डॉक्टर म्हणाल्या. “आमच्या भाषेत हे मॉडेल. मुलावर जे करून बघता येत नाही ते ह्याच्यावर करून बघायचं. परदेशात असाच आजार असलेली मांजरं सापडलीत, ते त्यांच्यावर बघतात. आमच्याकडे मांजरं नाहीत, बाटल्या आहेत.”

नलिनीला साड्यांच्या जाहिरातीतली मॉडेल माहीत होती. तिनं पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आपलं पोर इतकं सडपातळ तिनं कधी पाहिलं नव्हतं.

खरी गंमत पुढे होती. निरोगी माणसाच्या पेशी दुसऱ्या बाटलीत वाढवायच्या आणि त्या ज्या पाण्यात राहिल्या ते पाणी माणिकच्या पेशींवर घालायचं. निरोगी पेशी थोडं एन्झाईम बाहेर टाकतात. आजारी पेशी ते उचलून आत घेतात. आणि साफ होतात. साठलेला कचरा जातो.

“शेजारणीकडून विरजण आणल्यासारखं,” नलिनी म्हणाली.

“अगदी तसंच.”

“मग माणिक बरा झाला?”

“बाटलीत.”

शेवंती शेजारच्या बाकावर माणिकला मांडीवर घेऊन बसली होती. घरी बंदी, पण संस्थेच्या बाकावर कुणाची बंदी? प्रत्येक तारखेला ती वाकोल्याहून येऊन आधीच बसलेली असायची. ती म्हणाली, “आन् भाईर कवा व्हनार ओ बरा?”

डॉक्टर म्हणाल्या, “बाटलीतून मुलापर्यंत यायला अजून रस्ता नाही, आजी. इंग्लंडमध्ये काही मुलांना सख्ख्या भावंडाच्या हाडातला मगज देऊन बघितलाय. काहींना फरक पडला. पण ती लहान होती. माणिकला भावंड नाही, आपल्याकडे ते होत नाही, आणि आता उशीरही झालाय. मी खोटं सांगणार नाही.”

“नगा सांगू,” शेवंती म्हणाली, आणि माणिकची टोपी नीट केली.

डॉक्टरांना घरातल्या बाकीच्यांचंही रक्त आणि कातडी हवी होती. ते एन्झाईम बनवायच्या दोन कृती प्रत्येकाजवळ असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असली तरी माणूस धडधाकट राहतो, फक्त त्याच्यात एन्झाईम अर्धं भरतं. दोन्ही बिघडल्या की माणिक. म्हणजे नलिनीत एक बिघडलेली आहे आणि सहदेवमध्ये एक. त्यांना त्या कुणाकडून आल्या, ते तपासून कळेल. नलिनीचे वडील आणि सासरे, दोघंही वारलेले. राहिल्या दोन बायका.

नलिनीच्या डोक्यात काहीतरी खट्‌कन बसलं. बसमध्ये घाटकोपर येईपर्यंत ती तेच घोळवत राहिली.

सासू तपासून घ्यायला कधीच तयार झाली नसती. आमचं रक्त तपासतात म्हणजे काय, चोर आहोत? म्हणून नलिनीनं रात्रीच्या जेवणाला सहदेवला सांगितलं, पण आत्याला ऐकू जाईल असं. “डॉक्टर म्हणाल्या, निरोगी माणसाच्या पेशींचं पाणी घातलं की बाटलीत माणिकच्या पेशी साफ होतात. घरातल्या कुणाचं मिळालं तर बरं. आई देतेय.”

आत्याचा घास वाटेत थांबला. “कोणाची आवस?”

“माझी.”

“त्या घाटणीचा पाणी माझ्या नातवाच्या अंगार?”

“अंगावर नाही हो. बाटलीत.”

“बाटलीत तर बाटलीत. आम्ही मेलंव काय? माझा घे म्हणान सांग तुझ्या डाक्तरणीक. माझा रगत नितळ आसा. नातवाक माका वाचवूचा आसा.”

“तुम्हाला त्रास होईल, आत्या. कातडी काढतात.”

“काढूंदे! पाठीची काढूंदे!”

नलिनीनं आमटी वाढली. हा जुगार होता, तिला कळत होतं. बिघडलेली कृती वारलेल्या सासऱ्यांकडूनही आली असेल. पण मग हरायचं काय होतं तिला? ती आधीच हरलेली होती.

संस्थेत डॉक्टरांनी आत्याला स्वच्छ सांगितलं, मराठीत, हळूहळू. “आजी, ह्यातून हेही कळेल की आजार कुणाकडून आला. कदाचित तुमच्याकडूनही आला असेल. चालेल ना?”

आत्या हसली. मोठ्यानं. “तपासा, तपासा. आणि काय ता माझ्या सुनेक सांगा. माका त्या बाटल्यातला कळत नाय.”

डॉक्टरांनी नलिनीकडे पाहिलं. “त्यांना नीट कळलंय ना?”

“कळलंय,” नलिनी म्हणाली.

पुढचे काही आठवडे बिल्डिंगीत आत्याच्या दंडावरच्या पट्टीचा उत्सव चालला. पट्टी निघाली तरी आत्या बाही वर करून बारीकसा डाग दाखवायची. “तुकडो काढल्यान, पण मी हूं का चूं नाय. आता माझ्या पेशी थंय बाटलीत नातवाक जगवतत.” भाजीवाल्याला सांगून झालं, रॉकेलच्या दुकानदाराला सांगून झालं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. संध्याकाळी माणिकची बोटं उघडायचं काम आत्याचं होतं. कोमट खोबरेल घेऊन ती एकेक बोट सोडवायची, कुठलं कुठवर जातं ते तिला बरोबर कळायचं, आणि माणिक कुणाच्याही हाती रडायचा तो तिच्या हाती घरघर करत डोळे मिटायचा. नलिनीला हे दिसत होतं. दिसत होतं म्हणून जास्तच राग येत होता. नुसती दुष्ट बाई असती तर सोपं झालं असतं.

मध्येच आत्यानं दुसरा घाट घातला. धाकटा मुलगा नंदकुमार नोकरीला लागला होता. त्याला मुलुंडच्या भावाची, गुणाजीची, मुलगी करायची. पुन्हा भावाचीच मुलगी! नलिनीनं ऐकलं तेव्हा तिच्या हातातला पोळपाट तिरका झाला.

“ह्या फेरी भावजय आपल्या आचऱ्याकडची,” आत्या समजावून सांगत होती, “दोन्हीकडचा पाणी कोकणातला. पोरा कशी लखलखीत होतली बघ.”

बोलण्यांचा दिवस ठरला आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांचा निरोप आला.

“तुमच्या आईंचं पूर्ण आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “सासूबाईंचं अर्धं. आकडे कधी फसवतात म्हणून पुन्हा करून पाहिलं. तेच. म्हणजे सहदेवना ते सासूबाईंकडून आलं, आणि तुम्हाला तुमच्या वडिलांकडून. ते बहीण-भाऊ. तेव्हा त्यांच्याही आई-वडिलांपैकी कुणाकडून तरी.”

लॉटरी लागलेल्या माणसाला आधी भीती वाटते म्हणतात. नलिनीनं विचारलं, “आत्याच्या पेशींचं पाणी माणिकच्या बाटलीत घातलं?”

“घातलं ना. छान साफ झाल्या. अर्धं असलं तरी पुष्कळ होतं. तुमच्या आईंच्या पाण्यानं झाल्या तशाच, फारसा फरक नाही.” डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. “हे सांगा त्यांना, बरं वाटेल. आणि घरात आणखी कुणाचं नात्यात लग्न ठरत असेल तर आधी तपासून घ्या. हे नक्की सांगा.”

“दुसरं सांगते,” नलिनी म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं, ती दोन्हीला हो म्हणाली.

रविवारी गुणाजीकाका सहकुटुंब आले. शेजाऱ्यांच्या खुर्च्या आल्या, शेजारीही आले. काकाची शुभा मान खाली घालून बसली होती आणि नंदकुमारनं घातलेल्या नव्या सफारीकडे बघून हसू दाबत होती. पोहे झाले. आत्यानं बाही वर करून डाग दाखवला. काकानं अडकित्त्यात सुपारी धरली. सुपारी फुटली की लग्न पक्कं. नलिनी चहाचा ट्रे घेऊन आली, तो खाली ठेवला आणि म्हणाली,

“काका, जरा थांबा. आत्याच्या रक्ताचं उत्तर आलंय.”

“सांग, सांग!” आत्या सरसावून बसली. “सगळे आसत तवसर सांग.”

हे इतकं सोपं होईल असं नलिनीला वाटलं नव्हतं. तिनं पदराला हात पुसले.

“माणिकच्या अंगात जे नाही, ते निरोगी माणसात पूर्ण असतं. माझ्या आईत पूर्ण आहे.” ती थांबली. ‘तुम्ही’ आपोआप गळून पडलं. “आत्या, तुझ्यात अर्धं.”

“अर्धा म्हणजे?”

“म्हणजे दोष तुझ्याकडून सहदेवला आला. आणि बाबांकडून मला. तू न् बाबा एकाच आईची. माझ्या आईकडून काही म्हणजे काही आलेलं नाही. घाटावरचं पाणी नितळ आहे.”

सगळ्यांत आधी काकूला कळलं. बायकांना असलं लवकर कळतं, कारण निस्तरायचं त्यांनाच असतं. तिनं शुभाचा हात धरला. “म्हणजे ह्यांच्यात पण?”

“असेल, नसेल. काकांनी तपासून घ्यायचं.”

“मी? मला काय झालंय?” काकानं अडकित्ता खाली ठेवला. “मला कधी साधा ताप येत नाही.”

“आत्यालाही येत नाही.”

“नले, पुरे झालं,” सहदेव दबक्या आवाजात म्हणाला. “लोक बसलेत.”

“म्हणूनच. त्या दिवशीही लोक होते. तू पण होतास.”

आत्या अजून बाही वर करूनच बसली होती. “तुका कळता काय, काय बोलतस ता?”

“डॉक्टरना विचार. तूच म्हणालीस, काय ते सुनेला सांगा.”

आत्यानं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा माणिककडे. माणिक कोपऱ्यात गादीवर घरघरत होता. मग अगदी लहान मुलीच्या आवाजात तिनं विचारलं, “मगे ह्या माका खंयसून इला? आवशीकडसून काय बापाशीकडसून?”

“ते आता कळायचं नाही. दोघंही गेले. त्यांना कुठल्या दाराबाहेर उभं करशील, आत्या?”

सुपारी फुटली नाही. काकू शुभाला घेऊन आधी उठली, मग काका. पुढे सगळी भावकी म्हणायची, नलिनीनं त्या पोरीला वाचवलं हो, मोठं मन. नलिनी मान डोलवायची. खरं तर त्या दिवशी शुभाचं तोंडसुद्धा तिला दिसलं नव्हतं. अंधेरीपासून बसमध्ये तिनं ते वाक्य घोटलं होतं, ‘पूर्ण’नंतर किती थांबायचं तेसुद्धा. शुभा वाचली ती वाटेत आली म्हणून.

खुर्च्या परत गेल्यावर ती आत्याला म्हणाली, “उद्या वाकोल्याला जायचं. आईला घेऊन यायचं. तू स्वतः. आणि जिन्यात विचारतील त्यांना सांगायचं, कोण आलंय ते.”

“आई जाणार नाही,” सहदेव म्हणाला.

“मग मी माणिकला घेऊन वाकोल्याला जाते. कायमची. त्याची बोटं मग तू उघड. येतात तुला?”

सहदेवनं आईकडे बघितलं. आत्या उठली आणि तिनं उद्याची साडी घडी करून उशाशी ठेवली. साधी सुती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी जिना चढून आल्या. शेवंती पुढे, आत्या मागे, आत्याच्या हातात शेवंतीची पिशवी. दारं उघडीच होती. पहिल्या मजल्यावरच्या बाईनं विचारलं, “पाहुणे कोण?” आत्या म्हणाली, “माझी वहिनी.” एवढंच, पण मोठ्यानं म्हणाली. नलिनी वर कठड्याला टेकून ऐकत होती. तिनं ते पुन्हा म्हणायला लावलं असतं.

शेवंती आत आली. भिंती, कपाट, देव्हारा, सगळीकडे तिनं नजर फिरवली, बाजारात बोली लावायला आल्यासारखी. मग माणिकला मांडीवर घेतलं. त्याच्या डोळ्यांवर आता पडदा चढत चालला होता. त्यानं वाकडी मूठ तिच्या गालावर आपटून तिला ओळखलं. आत्यानं चहा आणला. शेवंतीनं एक घोट घेतला आणि कप पुढे केला.

“वन्सं, साखर कमी हाय. आनि एक चमचा घाला की.”

आत्या कप घेऊन गेली. शेवंती नलिनीकडे बघून पदरात हसली. “लई दिस झालं,” ती पुटपुटली, “पर ग्वाड लागतंय.” नलिनीला आईचं कोण कौतुक वाटलं. देवमाणूस असती तर तिच्यासाठी एवढं केलंच नसतं.

पण संध्याकाळ झाली तरी नलिनीच्या छातीतला निखारा विझेना. आई आली, बसली, चहा प्याली. बिल्डिंगीनं बघितलं. झालं. एवढ्याचसाठी होतं हे सगळं? माणिक तसाच घरघरत होता. बाटलीतला तेवढा साफसूफ होऊन महाकालीच्या रस्त्यावर गुलाबी पाण्यात पोहत होता.

शेवंती गॅलरीत शेजारणींना सातारचं काहीतरी सांगत होती. आत माणिकला पुढ्यात घेऊन आत्या तेलाच्या वाटीपाशी बसली होती. करंगळी सोडवून झाली होती, अनामिका चालू होती. नलिनी दिवा लावायला आली तेव्हा आत्या मान वर न करता म्हणाली,

“नलू.”

“काय?”

“माझा पाणी घातल्यानी काय गो बाटलीत? बघितल्यानी घालून?”

नलिनीच्या हातात काडेपेटी होती. डॉक्टरांचं हसणं तिला आठवलं. छान साफ झाल्या.

“घातलं.”

“लागू पडला?”

आत्यानं आता मान वर केली होती. चेहऱ्यावर ना तोरा, ना राग. गिऱ्हाईक उठून गेल्यावर मागं उरलेल्या माशाकडे कोळीण बघते, तसं काहीतरी. एक ‘हो’ म्हटलं असतं तर त्या बाईनं ते मरेपर्यंत पुरवलं असतं. आणि उद्यापासून जिन्यात पुन्हा सुरुवात झाली असती, कदाचित. किंवा नसती झाली. नलिनीनं काडी ओढली.

“नाही.”

“अजिबात नाय?”

“अजिबात. आईच्याच पाण्यानं पेशी साफ झाल्या.”

आत्याचा अंगठा माणिकच्या मधल्या बोटावर होता तिथंच थांबला. नलिनीनं समई लावली, वळली, आणि खाली वाकून तेलाची वाटी उचलली.

“दे माणिकला इकडे. आज आई करेल.”

“तिका जमाचा नाय. ह्या बोट थोडा वाकडा—”

“शिकेल.”

तिनं माणिकला उचलला तसा तो कुरकुरला आणि मूठ मिटून घेतली. गॅलरीतून शेवंतीचं हसू ऐकू येत होतं. नलिनी तिला हाक मारायला गेली. आत्या समईपुढं तशीच बसून राहिली, तेलकट हात हवेत धरून. पुसायला पदर होता, पण तो काही तिला आठवला नाही.